हरवलेल्या सामन्यांचा शोध

इ. स. १८९९ साली मुंबईस मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा व कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती झाली. त्या काळी कुस्त्या गावोगावी होत. तेव्हा एका कुस्तीची आठवण सव्वाशे वर्षे ठेवण्याचे काही कारण नव्हते. परंतु या कुस्तीच्या जागेशेजारी तिपाईवर एक लाकडी पेटी मांडलेली होती, आणि एक मराठी गृहस्थ तिची मूठ फिरवीत उभे होते. त्यांचे नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईकर त्यांस सावेदादा म्हणत. त्यांचा धंदा छायाचित्रे काढण्याचा. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे एक रुपया तिकीट लावून प्रथम दाखविण्यात आली, ती पाहून या गृहस्थांस त्या यंत्राचा ध्यास लागला, आणि त्यांनी एकवीस गिन्या मोजून इंग्लंडहून तसले यंत्र आणविले. भारतीय मनुष्याने घेतलेले पहिले चलच्चित्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते हेच. आणि ते राजाच्या स्वारीचे किंवा नाटकाचे नसून एका सामन्याचे होते, ही गोष्ट आमच्या खेळाडू विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

त्या वेळी फीत धुण्याची सोय येथे नव्हती. ती आगबोटीने विलायतेस गेली, धुऊन परत आली, आणि मग मुंबईच्या लोकांनी ती कुस्ती पडद्यावर पाहिली. आज मात्र ती कोणासही पाहता येत नाही. फीत नाहीशी झाली. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजची विद्या संपादून मुंबईस परतले, त्यांच्या स्वागताचेही चित्र सावेदादांनी घेतले होते. तेही गेले. पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून ज्यांनी कीर्ती मिळविली, त्या परांजप्यांचे ऐन तारुण्यातील चालणे-बोलणे आपल्या डोळ्यांनी पाहण्याची संधी महाराष्ट्राने अशा रीतीने गमावली. सावेदादा स्वतः १९५८ सालापर्यंत जगले. त्यांची चित्रे मात्र राहिली नाहीत.

असे का व्हावे? आणि जगात इतरत्र जे हरवले त्यातील काही परत कसे सापडले? फुटबॉलचे वेड आमच्या शाळेत कमी नाही. म्हणून पुढील विवेचनात आम्ही शक्य तेथे त्याच खेळाची उदाहरणे घेतली आहेत.

प्रथम एक हिशेब करू. जुन्या फितीच्या प्रत्येक फुटात सोळा लहान चित्रे मावत, आणि छायाचित्रकार हाताने मूठ फिरवून सेकंदास सुमारे सोळा चित्रे घेत असे. म्हणजे एका सेकंदास एक फूट फीत, इतके सोपे कोष्टक झाले. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा, म्हणजे ५,४०० सेकंदांचा. तेव्हा संपूर्ण सामना टिपण्यास ५,४०० फूट फीत पाहिजे. परंतु आरंभीच्या यंत्रांत एका वेळी पन्नासएक फूट फीतच बसे. पाचव्या इयत्तेतील मुलगाही सांगेल की, त्या हिशेबाने १०८ रिळे लागतील. जपमाळेत मणी असतात तितकी! आणि दर पन्नास सेकंदांनी यंत्र उघडून नवे रीळ घालीपर्यंत गोल होऊन जाणार, ते वेगळेच. यामुळे त्या काळी फुटबॉलच्या सामन्याचे संपूर्ण चित्र सहसा मुळात घेतलेच जात नसे. जे हरवले ते पूर्ण होते असा समज करून घेऊ नये. तो तुकडाच होता, आणि त्या तुकड्याचाही बहुधा तुकडाच आपल्या हाती येतो.

मग छायाचित्रकार त्या पन्नास सेकंदांत काय टिपीत असे? याचे उत्तर इंग्लंडातील ब्लॅकबर्न या गिरण्यांच्या गावी सापडले, आणि ते उत्तर पिंपरी-चिंचवडच्या वाचकांस विशेष गोड वाटेल असे आहे. या गावी विसाव्या शतकाच्या आरंभी मिचेल व केन्यन या दोन भागीदारांचे दुकान होते. गावोगावच्या जत्रांत चित्रे दाखविणाऱ्या फिरत्या मंडळींस ते चित्रे काढून देत. काळ गेला, भागीदार गेले, दुकानाचे मालक बदलले. १९९४ साली त्या जुन्या इमारतीचे काम चालू असता मजुरांस तळघरात धातूचे मोठे डबे सापडले; उघडून पाहतात तो आत फितीची लहान लहान रिळे, एकूण आठशेंच्या आसपास! ते डबे त्या दिवशी भंगारात जावयाचे, परंतु ते पीटर वर्डन नावाच्या एका इतिहासप्रेमी स्थानिक गृहस्थांच्या हाती आले. त्यांनी ती रिळे शीतपेटीत ठेवून सांभाळली, आणि २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या हवाली केली. तेथील तज्ज्ञांनी एकेक रीळ साफ करून, नव्या फितीवर उतरवून, सुमारे अठ्ठावीस तासांचे चित्रण जगापुढे आणले. त्यात १९०१ च्या पुढील काही वर्षांतील कित्येक फुटबॉल सामने आहेत.

हे सामने पाहू लागले असता एक चमत्कार दिसतो. खेळाहून प्रेक्षकच अधिक! यंत्र मैदानावरून फिरून हळूहळू गर्दीकडे वळते. टोप्या घातलेले हजारो पुरुष, कुंपणावर चढलेली पोरे, यंत्राकडे पाहून हात हलविणारे कामगार, हेच फिरून फिरून दिसते. कारण उघड होते. दुपारी ज्याचा चेहरा टिपला तो संध्याकाळी पैसे देऊन स्वतःस पडद्यावर पाहावयास येणार; चेहरे जितके अधिक तितकी तिकिटे अधिक. याच हिशेबाने त्या भागीदारांनी दुसऱ्या एका प्रकारची चित्रे तर ढिगांनी काढली, ती म्हणजे कारखान्याचा भोंगा होऊन पाळी सुटते तेव्हाची. फाटक उघडते आणि स्त्री-पुरुष-मुले लोंढ्याने बाहेर पडतात. ल्युमिएर बंधूंचे पहिले चित्रही त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचेच होते, आणि १८९६ मध्ये मुंबईस वॉटसन्स हॉटेलात जो सहा चित्रांचा खेळ झाला, त्यात कारखाना सुटतानाचे चित्र होते.

आमच्या विद्यार्थ्यांस हे दृश्य दाखविण्यास पडद्याची जरूर नाही. आकुर्डी, भोसरी, चिंचवड येथे किंवा चाकणच्या नव्या कारखान्यांसमोर दुपारच्या पाळीच्या वेळी उभे राहावे म्हणजे झाले. तथापि विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, १९०१ सालच्या लँकेशरमधील गिरणी-कामगाराचा चेहरा, त्याची टोपी, त्याच्या डब्याचा आकार आज आपण पाहू शकतो. आणि १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, त्यापुढे साठीच्या दशकात एकामागून एक कारखाने उभे राहिले, त्या वेळी येथे आलेल्या आपल्याच आजोबांचे चालणे-हसणे पाहावयाचे म्हटले तर किती घरांत सोय आहे? चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला, ती हकीकत बखरींतून आपणांस ठाऊक आहे. त्याच चाकणच्या वाटेवरील एखाद्या कारखान्याच्या मैदानावर चाळीस वर्षांपूर्वी झालेल्या सामन्याला मात्र ना बखर, ना चित्र.

आता फीत नष्ट का होते ते पाहू. हा भाग रसायनशास्त्राचा आहे. नववी-दहावीच्या मुलांनी तो सावकाश वाचावा.

१९५० च्या सुमारापर्यंत चित्रपटाची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया केली म्हणजे नायट्रोसेल्युलोज तयार होते. नत्राचे प्रमाण अधिक असेल तर तो स्फोटक कापूस होतो, जो तोफांच्या बारात वापरीत. प्रमाण थोडे कमी ठेवून त्यात कापूर मिसळला म्हणजे तीच वस्तू लवचीक व पारदर्शक फीत होते. म्हणजे तोफेची दारू आणि चित्रपटाची फीत ही चुलत भावंडेच म्हणावयाची. ज्वलनास लागणारा प्राणवायू या पदार्थाच्या अंगातच असतो. म्हणून एकदा पेट घेतला की वाळू टाकून किंवा पाणी ओतून तो विझत नाही. पाण्याखालीही जळत राहतो. आणि पेटला नाही तरी सुखाने राहतो असेही नाही. उष्ण व दमट हवेत त्याचे हळूहळू विघटन होऊन नत्राचे वायू निघतात, ते वायू कोंडून राहिले की विघटन आणखी वाढते. फीत प्रथम पिवळी पडते, मग चिकट होते, मग रिळाचा एकसंध गोळा बनतो, आणि शेवटी डबा उघडावा तर आत तपकिरी भुकटी. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते. पीटर वर्डन यांच्या शीतपेटीचे मर्म यातच आहे.

नायट्रेटच्या मागून आलेली ॲसिटेटची फीत पेटत नाही, म्हणून तिला निर्धोक फीत म्हणत. परंतु तिचेही विघटन होते, आणि त्यातून जे आम्ल निघते ते म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील व्हिनेगरचेच आम्ल. जुना डबा उघडताच लोणच्यासारखा आंबट वास आला तर फीत आजारी आहे असे समजावे. हा आजार एका डब्यातून शेजारच्या डब्यास लागतो. फीत आकसते, कडेची भोके यंत्राच्या दात्यांशी जुळत नाहीत, आणि ती चालविण्याचा प्रयत्न केला तर फाटते.

हवेने जितके नेले त्याहून अधिक, आमच्या मते, मनुष्याच्या व्यवहाराने नेले. फितीवरील काळी प्रतिमा चांदीच्या कणांची असते. चित्रपट दाखवून जुना झाला, त्याची मिळकत संपली, की मालकाच्या दृष्टीने त्याची किंमत त्यातील चांदीपुरती उरे. रिळे भंगारवाल्याकडे जात. तो ती धुऊन चांदी काढून घेई. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतील आज शिल्लक आहेत ते अगदी थोडके, आणि त्यांतही पुष्कळ अपुरे.

हे थोडके तरी शिल्लक राहिले याचे श्रेय आपल्या शेजारच्या पुणे शहरास आहे. १९६४ साली तेथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पिंपरीहून लोकलने शिवाजीनगरास उतरले असता लॉ कॉलेज रस्त्यावरील ही संस्था तेथून फार दूर नाही. पुढच्याच वर्षी पी. के. नायर नावाचे एक तरुण गृहस्थ तेथे नोकरीस लागले, आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी गावोगाव हिंडून, अडगळीच्या खोल्या धुंडाळून, मालकांच्या वारसांची मनधरणी करून हजारो चित्रपटांची रिळे गोळा केली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांस दाखविण्यात आला, हे शाळेच्या पुस्तकात असते. तो ३,७०० फुटांचा, चार रिळांचा होता. त्यांतील पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे, १,४७५ फुटांची, आज संग्रहालयात आहेत. आमच्या मघाच्या कोष्टकाने ती सुमारे चोवीस-पंचवीस मिनिटे होतात. पाच भागांपैकी दोन भाग. ती रिळेसुद्धा १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची आहेत असे काही अभ्यासकांचे मत आहे. फाळक्यांच्याच ‘कालिया मर्दन’ या १९१९ च्या चित्रपटाचे विखुरलेले तुकडे नायर यांनी क्रम लावून जोडले, म्हणून बाळकृष्णाच्या लीला करणारी फाळक्यांची कन्या मंदाकिनी आपणांस पाहता येते. नायर २०१६ साली पुण्यासच वारले. ज्यांनी एकही चित्रपट काढला नाही, परंतु ज्यांच्या वाचून चित्रपटाचा इतिहास लिहिता येणार नाही, असे हे गृहस्थ होते.

जतन करणाऱ्याच्या हातूनही वस्तू निसटते, हेही पुण्यानेच पाहिले. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या, आवारातील कोठारास आग लागली आणि तेथे ठेवलेली नायट्रेटची पुष्कळ रिळे जळून गेली. वर सांगितलेले रसायनशास्त्र येथे मूर्तिमंत दिसले. नायट्रेटचे चित्र वेळीच नव्या फितीवर उतरवून घेणे यालाच जतन म्हणतात. नुसते कुलूप लावणे म्हणजे जतन नव्हे.

दूरचित्रवाणी आली तेव्हा हे सारे संपले असे लोकांस वाटले असेल. घडले ते निराळेच. १६ सप्टेंबर १९३७ रोजी बीबीसीने लंडनच्या हायबरी मैदानावरून फुटबॉलचा खेळ प्रथम थेट दाखविला. आर्सेनल संघाने आपल्याच राखीव खेळाडूंशी खेळून दाखविले. परंतु चित्र लहरींवरून गेले आणि हवेत विरले, कारण ते साठविण्याचे साधनच त्या वेळी नव्हते. चुंबकीय चित्रफितीचे यंत्र व्यवहारात आले ते १९५६ मध्ये. या फितीचा मोठा गुण असा की ती पुसून पुन्हा वापरता येते. आणि तिचा मोठा अवगुणही तोच. फीत महाग, ठेवण्यास जागा नाही, आणि झालेला सामना पुन्हा कोण पाहणार, अशा विचाराने जगभरच्या केंद्रांनी कालचा सामना पुसून त्यावर आजचा घेतला. येथे चांदीचा मोह नव्हता, केवळ काटकसर होती. आम्हांस तर ही काटकसर भंगारवाल्याच्या चांदीहून महाग पडली असे वाटते.

अमेरिकेत तर राष्ट्रीय अंतिम सामना गेला. त्यांचा फुटबॉल नावापुरताच फुटबॉल. चेंडू लांबट आणि बहुतेक हातात! तो असो. १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिस येथे झालेला त्यांचा पहिला ‘सुपर बोल’ एक नव्हे तर दोन कंपन्यांनी एकाच वेळी प्रसारित केला, आणि दोघींनीही फिती पुसल्या. कित्येक वर्षांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका घराच्या माळ्यावर त्या दिवशी कोणी खाजगी रीतीने घेतलेल्या दोन फिती सापडल्या. मधल्या सुट्टीचा खेळ आणि तिसऱ्या भागातील बराचसा खेळ त्यांत नाही; बाकीचा आहे. फीत घरमालकाची, परंतु तीवरील खेळ स्पर्धा भरविणाऱ्या संघटनेचा, असा वाद उत्पन्न झाला. वस्तूचे स्वामित्व आणि तीत भरलेल्या आशयाचे स्वामित्व ही दोन निरनिराळी असतात, हे कायद्याचे तत्त्व ज्यांस समजावून घ्यावयाचे त्यांस याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आणि जेथे यंत्रच नव्हते तेथे काय? १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताचे पाच गडी १७ धावांत बाद झाले असता कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा काढल्या. त्या खेळीचे दूरचित्रवाणीवरील मुद्रण नाही. ज्या पालकांनी ती हकीकत त्या दिवसांत ऐकली त्यांच्या मनात ती आहे, आणि धावफलकात आहे.

फुटबॉलमधील आपले सर्वांत मोठे उदाहरण याहून जुने. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या पलटणीस दोन विरुद्ध एक गोलाने हरविले. प्रथम गोऱ्यांनी गोल केला. मग शिवदास भादुरी यांनी बरोबरी केली, आणि सामना संपता संपता अभिलाष घोष यांनी विजयाचा गोल मारला. दहा भारतीय खेळाडू अनवाणी होते. बूट घालून खेळले ते एकटे सुधीर चॅटर्जी. ते ख्रिस्ती होते, आणि पुढे धर्मोपदेशक झाले. गर्दी इतकी की मागच्यांस मैदान दिसेना. तेव्हा गोलसंख्या कळविण्यासाठी पतंग उडविण्यात आले असे सांगतात. या सामन्याचे चलच्चित्र पाहावयास मिळत नाही. उरले आहेत ते वृत्तपत्रांतील मजकूर, संघाचे एक छायाचित्र, आणि लोकांच्या सांगण्यात शंभराहून अधिक वर्षे उडत राहिलेले ते पतंग.

ब्राझीलच्या पेले यांनी आपला सर्वांत सुंदर गोल कोणता असे विचारले असता २ ऑगस्ट १९५९ रोजी साओ पाउलो येथे युव्हेंतुस या स्थानिक संघाविरुद्ध मारलेला गोल सांगितला. त्यांनी एकामागून एक खेळाडूंच्या डोक्यावरून चेंडू उचलला, शेवटी गोलरक्षकाच्याही डोक्यावरून नेला, आणि जमिनीस लागू न देता डोक्यानेच जाळ्यात घातला. तो कोणीही टिपला नव्हता. २००४ साली पेले यांच्यावर चित्रपट निघाला, त्यासाठी हा गोल संगणकाच्या साह्याने चित्रे काढून पुन्हा उभा करण्यात आला. पाहावयास तो मोठा मनोहर आहे. पण असल्या पुनर्रचनेस सापडलेले चित्र म्हणू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांस बजावून सांगू. ब्लॅकबर्नच्या तळघरात जे निघाले तो साक्षीदार. संगणकाने जे काढले ती साक्षीदारांवरून रंगविलेली तसबीर. दोन्हींस मान द्यावा, परंतु एकीच्या जागी दुसरी ठेवू नये. अलीकडे तर न झालेला सामनाही झाल्यासारखा दाखविणारी साधने मुलांच्या हाती आली आहेत. तेव्हा हा भेद पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळावा लागेल.

आता घराकडे वळू. आज बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोठा सामना असला की चोहोंकडे यंत्रे असतात. तेथील खेळाची काळजी आम्ही करीत नाही. आमची काळजी आहे ती पिंपरी, चिंचवड, भोसरी, निगडी व चाकण येथील घरांच्या माळ्यांवरच्या खोक्यांची. १९८५ ते २००५ या सुमारास लग्नमुंजींबरोबर कारखान्यांतील कामगार-स्पर्धा, कबड्डी-फुटबॉलचे सामने, शाळांची स्नेहसंमेलने अशा कित्येक प्रसंगांच्या व्हीएचएस फिती निघाल्या. बहुतेकांची दुसरी प्रत कोठेही नाही. या फितीवरील तपकिरी लेप म्हणजे लोहाचे ऑक्साइड. साध्या भाषेत, गंजाचीच जात. तो लेप ज्या चिकट द्रव्याने बसविलेला असतो ते पावसाळ्यातील दमट हवा शोषून घेते आणि सैल होते. शिवाय बुरशी येते. मावळाकडून येणारा आपला पाऊस तिला चांगलाच मानवतो. आणि फीत जगली तरी ती वाचणारे यंत्र कोठे? व्हीएचएस यंत्र बनविणारी जपानातील फुनाई ही शेवटची मोठी कंपनी. तिनेही जुलै २०१६ मध्ये ते बनविणे बंद केले.

म्हणून ज्यांच्या घरी अशा फिती असतील त्यांनी त्या पत्र्याच्या छपराखालून किंवा ओल्या भिंतीच्या कपाटातून काढून कोरड्या, थंड जागी पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्या. ध्वनिवर्धकाजवळ ठेवू नयेत, कारण त्यात लोहचुंबक असतो. खोक्याच्या काचेतून गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशी फीत कुतूहलाने लावून पाहू नये, कारण एका खेपेत फीतही जाते आणि यंत्राचे डोकेही घाण होऊन पुढच्या निरोगी फितीस बुरशी लागते. ती या कामाच्या जाणकाराकडेच द्यावी. चांगल्या फितीची संगणकावर नक्कल करून घ्यावी, आणि ती नक्कल दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. केवळ भ्रमणध्वनीत ठेवली तर तो हरवला किंवा बिघडला की पुन्हा हँगिंग गार्डनची कुस्ती!

याहून महत्त्वाचे काम लिहिण्याचे आहे, आणि ते मुलेच चांगले करतील. फीत आजोबांबरोबर बसून पाहावी, आणि कोणता संघ, कोणते मैदान, कोणते साल, गोलात उभा असलेला तो उंच मनुष्य कोणत्या खात्यात होता, कोणत्या गावाहून आला होता, हे वहीत टिपून घ्यावे. मिचेल व केन्यन यांच्या फितींतील हजारो चेहऱ्यांपैकी बहुतेकांची नावे सांगणारे कोणी उरले नव्हते. येथे सांगणारे अजून आहेत.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी शाळेच्या किंवा या परिसरातील जुन्या सामन्याची फीत असेल त्यांनी ती शाळेत आणू नये. फक्त तिजवर काय लिहिले आहे ते उतरवून वर्गशिक्षकांकडे द्यावे. फितीची यादी ग्रंथालयात ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. आणि एक गोष्ट आजच करावी. व्हीएचएसच्या खोक्याच्या मागील कडेस डाव्या बाजूला प्लॅस्टिकची एक लहान चौकोनी पट्टी असते. ती मोडून टाकली म्हणजे त्या फितीवर दुसरे काही घेता येत नाही. त्या जागी कोणी चिकटपट्टी लावली असेल तर ती काढून टाकावी.